जुन्या खोलीतला फोटो



परळच्या आमच्या चाळीतल्या खोलीत १९९४ साली धाकट्या भावाचा साखरपुडा झाला. ओळखीच्या एका मुलाने ३६ फोटोंचा अख्खा रोल संपवला. आठवड्याने फोटो धुऊन आले, तेव्हा सगळ्यांची तोंडे उतरली. पुढे बसलेली आई पिठात बुडवल्यासारखी पांढरी, मागे भिंतीला टेकलेले पाहुणे काळोखात आणि भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींच्या जागी नुसते पांढरे गोळे! आई आता नाही. आम्हा चौघा भावंडांसोबतचा तिचा तेवढाच फोटो घरात आहे.

दोष त्या मुलाचा नव्हता. फ्लॅश कसा वापरावा हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पहिली गोष्ट अंतराची. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्साच उरतो. दारात उभे राहून फोटो काढला, तर तीन फुटांवरच्या माणसाला जेवढा उजेड मिळतो त्याचा सोळावा हिस्सा बारा फुटांवरच्या भिंतीपाशी पोहोचतो. म्हणून माणसे एकामागे एक बसवू नका. कॅमेऱ्यापासून सगळी सारख्या अंतरावर येतील अशी अर्धगोलात बसवा.

दुसरी गोष्ट तसबिरीची. तसबीर आपण उंच लावतो आणि खालून नीट दिसावी म्हणून वरून थोडी पुढे झुकवतो. त्यामुळेच समोरून मारलेला फ्लॅश काचेवर आपटून थेट कॅमेऱ्यात परततो. कॅरमची सोंगटी तिरकी मारली की दुसऱ्या बाजूला जाते, तसेच उजेडाचे. दोन पावले बाजूला सरा आणि तिरक्याने फोटो काढा.

फ्लॅश वेगळा आणि मान वळणारा असेल तर तो छताकडे वळवा. पांढऱ्या छतावरून पसरून येणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. छत निळे-हिरवे असेल तर मात्र तोच रंग चेहऱ्यावर उतरेल. डोळे लाल येतात ते डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून उजेड परतल्याने. काळोखात बुबुळ मोठे उघडते, म्हणून खोलीतले दिवे आधीच लावा. मोबाईलचा फ्लॅश जेमतेम चार-पाच फूट पुरतो. त्यापेक्षा तो बंद ठेवून दार-खिडकी उघडा, माणसांची तोंडे उजेडाकडे करा आणि कोपर कपाटाला टेकवून हात स्थिर ठेवा. वंदनेच्या वेळी मेणबत्त्यांचा उजेड हवा असेल तर फ्लॅश नकोच.

गरिबांच्या खोल्या आणि फ्लॅश यांचे नाते जुने आहे. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या बातमीदाराने १८८७-८८ च्या सुमारास मॅग्नेशियमची पूड पेटवून मजुरांच्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले. १८९० साली त्याचे पुस्तक आले आणि त्या खोल्यांचे हाल शहराला दिसले. काम मोठे होते. पण त्यातले काही फोटो मध्यरात्री अचानक शिरून काढलेले, माणसे झोपेतून दचकलेली. आपण कसे दिसावे हे त्यांना कोणी विचारले नाही. आज कॅमेरा आपल्याच हातात आहे. आपली माणसे नीट दिसावीत, ही जबाबदारीही आपलीच.

हे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुनी खोली १६० चौरस फुटांची होती. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचीही तीच वाट आहे. नवे घर मिळाल्याचा आनंद आहेच, पण पाडलेली खोली पुन्हा दिसणार नाही.

तेव्हा सामान बांधण्याआधी एका सकाळी दार सताड उघडा. आजीला ओट्यापाशी बसवा, नातवंडे शेजारी घ्या, मागे तसबीर नीट येते का बघा आणि फ्लॅश बंद करून फोटो काढा. एक प्रत कागदावर छापून घ्या. मोबाईल बदलतात, हरवतात; कागदावरचा फोटो नव्या घराच्या भिंतीवर राहील.