हजेरीपट आणि पहिला क्रमांक

आमच्या संस्कृत व्याकरणपाठांच्या संकेतस्थळाची चिरंजीवांनी नवी बांधणी केली, पानांचे पत्ते बदलले. आणि थोड्याच आठवड्यांत गूगलच्या शोधात ते दिसेनासे झाले. दूरदूरच्या विद्यार्थ्यांच्या शंका येणे थांबले. इतक्यात एका दलालाने आठ दिवसांत पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देऊन मोबदला मागितला! निदानावाचून औषध देणारा वैद्य आम्हांस मान्य नाही. शिवाय २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलात विकतच्या दुव्यांनी वर चढलेली कित्येक स्थळे खाली आली, हे सुज्ञ वाचकांस स्मरत असेलच.

सूनबाईंनी सर्च कन्सोल उघडून निदान केले. बांधणीच्या वेळी लावलेली ‘नोइंडेक्स’ ही मनाईची खूण पानांवर तशीच राहिली होती, आणि जुने पत्ते नव्यांकडे वळविलेच नव्हते. खूण काढली, प्रत्येक जुन्या पत्त्यास ३०१ क्रमांकाचा कायमचा निर्देश दिला, साइटमॅप पुन्हा सादर केला. पाने सूचीत परतली. पूर्वीचा क्रम मात्र अद्याप यावयाचा आहे.

खिन्न झालेल्या चिरंजीवांस आम्ही इतकेच सांगितले की, हजेरीपटावर नाव लागणे निराळे आणि वर्गात पहिले येणे निराळे. पहिले काम दक्षतेचे, दुसरे अभ्यासाचे. दलालाचे त्यांतले एकही नाही.