‘उतरू नका’ म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार?

१४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई विमानतळावर एक छोटे खासगी जेट विमान मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले. विशाखापट्टणमहून आलेल्या या विमानात आठ जण होते. विमान मोडले, पण आठही जीव वाचले, याचा आनंदच आहे. नंतर जिकडेतिकडे चर्चा झाली ती पावसाची. पाऊस डोळ्यांना दिसतो. पण विमान धावपट्टीबाहेर का जाते, याचे उत्तर पुष्कळदा वैमानिकांच्या कक्षात दडलेले असते. या बाबतीत आपल्या देशातील दोन मोठ्या अपघातांचे चौकशी अहवाल आंबेडकरी कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घ्यावेत, असे आम्हाला वाटते.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे गेली. त्या सकाळी पाऊस नव्हता. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. विमान नको तितके उंचावरून आले आणि जवळपास अडीच किलोमीटरच्या धावपट्टीचा निम्म्याहून अधिक भाग मागे पडल्यावर टेकले. पण अहवालातील खरी धक्कादायक गोष्ट पुढेच आहे. सहवैमानिकाला धोका दिसला होता. उतरू नका, विमान पुन्हा वर घ्या, असे त्याने वारंवार सांगितले. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही. सहवैमानिकाने विमानाचा ताबा स्वतःकडे घेतला नाही, कारण त्याला तसा अधिकार आहे की नाही याविषयी नियमांतच संदिग्धता असावी, असे चौकशी समितीने नोंदवले.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळीकोडला तेच घडले. भर पावसात विमान धावपट्टीच्या मध्यापर्यंत जाऊन टेकले आणि पुढे खाली कोसळले. २१ माणसे मेली. तेथेही सहवैमानिकाने विमान वर घेण्यास सांगितले होते. तेथेही ऐकले गेले नाही आणि तेथेही त्याने ताबा घेतला नाही.

दोन्ही वेळा डोळ्यांनी काम केले, तोंडाने काम केले. हात मात्र उतरंडीने बांधलेले होते. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी आम्हाला शिकवले. विमानाच्या कक्षातील हुद्दे म्हणजे जात नव्हे, हे आम्ही जाणतो. पण वरच्याला प्रश्न विचारू नये, ही सवय ज्या समाजाने हजारो वर्षे अंगी मुरवली, तो ती सवय कोठेही सोबत नेणारच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला तो राजकारणापुरता होता, असे कोणी समजू नये.

आता जमिनीवर या. गारगोटीच्या आसपास ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर घाटाला लागतो, तेव्हा भार जास्त झाला हे सर्वांत आधी चालकालाच कळते. मैल्याच्या टाकीत वायू आहे, हे टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सफाई कामगाराला कळते. तो ‘उतरत नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याची मजुरी बुडते. तो उतरला आणि मेला, तर कागदावर त्याचाच निष्काळजीपणा लिहिला जातो. वकिली करताना असे कागद आम्ही वाचले आहेत. त्याने आधी काय सांगितले होते, हे त्यात कोठेच नसते. विमानात निदान ध्वनिमुद्रण होते, म्हणून सहवैमानिकाचा आवाज उरला. टाकीच्या तोंडाशी कोणते ध्वनिमुद्रण आहे?

कायदे नाहीत असे नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. सूचना देण्याचा, काम थांबवण्याचा नव्हे! २०१३ च्या कायद्याने गटारे व मैल्याच्या टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. या निकालाचे आम्ही स्वागतच करतो. पण भरपाई मेल्यावर मिळते. आम्हाला जिवंतपणीचा अधिकार हवा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. धोका दिसला की काम थांबवण्याचा अधिकार सर्वांत खालच्या कामगाराला लेखी द्या. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी सफाईच्या प्रत्येक ठेक्यात ही अट घालावी. काम थांबवणाऱ्याची मजुरी कापू नये. त्याने काय सांगितले, याची नोंदवही जागेवर ठेवावी. आणि मृत्यू झालाच, तर विमान अपघातासारखी स्वतंत्र चौकशी होऊन तिचा अहवाल जाहीर व्हावा.

आमच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. मेल्यावर मोर्चे आपण पुष्कळ काढले. आता टाकीच्या तोंडाशी ‘उतरणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीशी, तो जिवंत असतानाच उभे राहू या.

जय भीम!