आधी धडा, मग वजन

हळदीचा डाग पडलेले धोतर साबण लावून धुवायला घेतले की पिवळा डाग लाल होतो, हे आमच्या मायभगिनींना कोणी शिकवावे लागत नाही. त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. साबण विम्ल आणि लिंबू आम्ल. हळद दोघांना ओळखते, पण किती आम्ल नि किती विम्ल हे काही ती सांगत नाही. शेतीत तर सगळे काम त्या 'किती'वरच अडते. जमीन खारी आहे हे जिभेला कळते, पण द्राक्ष लावावे की ऊस ठेवावा, जिप्सम टाकावे की चर खणून पाणी काढावे, हे ठरवायला आकडा लागतो.

हा आकडा देणारी यंत्रे आता तालुक्याच्या कॉलेजात, साखर कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत, एवढेच काय, शेतकरी गटाच्या एका खोलीतही दिसू लागली आहेत. हातात मावेल एवढी पेटी आणि तिला जोडलेल्या दोन-तीन कांड्या. एक कांडी सामू सांगते, दुसरी क्षारांचे प्रमाण आणि तिसरी तापमान. काही यंत्रांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारी चौथी कांडीही लावता येते. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. या कांड्यांना इंग्रजीत सेन्सर म्हणतात, आपण संवेदक म्हणू. यंत्र विकत घेणे आज पुष्कळांच्या आवाक्यात आले आहे. ते मांडावे कसे, वापरावे कसे आणि त्याच्या आकड्यावर कितपत विसंबावे, याचा या वेळी विचार करू.

त्याआधी या यंत्राचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे, कारण त्याचे नाते थेट शेतकऱ्यांशी आहे. सामूचे माप प्रथम मांडले ते डेन्मार्कमधील सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने, १९०९ साली. कोपनहेगन शहरातील कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो काम करीत असे. पण माप मांडले तरी ते चटकन मोजणार कसे? पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लिंबू-संत्र्यांच्या बागाईतदारांची मोठी सहकारी संस्था होती. मालातून उरलेल्या लिंबांच्या रसाचा आंबटपणा तिला मोजायचा होता. रसात गंधकाचा वायू मिसळलेला असल्याने रंग बदलणारा कागद निरुपयोगी ठरे, आणि काचेच्या संवेदकातून येणारा प्रवाह इतका क्षीण असे की तो मोजणे मोठे जिकिरीचे होई. संस्थेचा रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ आपल्या जुन्या सहाध्यायाकडे, अर्नोल्ड बेकमनकडे गेला. बेकमन हा एका खेड्यातील लोहाराचा मुलगा. त्या वेळी तो पॅसाडेना येथे प्राध्यापक होता. त्याने १९३४ साली रेडिओत असतात तशा निर्वात नळ्या वापरून तो क्षीण प्रवाह वाढविला आणि सारे एका पेटीत बसविले. आजच्या प्रत्येक सामूमापकाचा पूर्वज तोच. सांगायचा मुद्दा असा, की हे यंत्र शेतमालाच्या गरजेतून निघाले आहे. तेव्हा ते कॉलेजातल्या पोरांचे खेळणे आहे असे समजून त्याला बिचकण्याचे कारण नाही.

आता त्याचे काम कसे चालते ते पाहू. सामूच्या कांडीच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो. तो द्रावणात बुडविला की आम्लतेच्या प्रमाणात तेथे थोडा विद्युतदाब तयार होतो. विजेरीचा एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५०० मिलिव्होल्टचा असतो. इथे मात्र २५ अंश तापमानाला सामूच्या एका अंकामागे जेमतेम ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. इतके हे नाजूक माप. त्यात सामूचा एक अंक म्हणजे दहापट. सामू ८ च्या पाण्यापेक्षा ९ चे पाणी दहापट विम्ल असते. म्हणून अर्ध्या अंकाची चूक ही लहान चूक नव्हे.

क्षारांच्या कांडीत दोन पट्ट्या असतात. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज त्यातून सहज वाहते. तीच विद्युत वाहकता. ती डेसिसायमन प्रति मीटर या मापात सांगतात. यंत्रावर कधी मिलिसायमन प्रति सेंटिमीटर असे लिहिलेले असते, पण दोन्ही मापे एकच. मात्र पाणी तापले की ही वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. चैत्रात उन्हात ठेवलेल्या बाटलीतले ४० अंशांचे पाणी २५ अंशांच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त खारे दिसेल. म्हणूनच तापमानाची कांडी सोबत दिलेली असते. यंत्र हा फरक स्वतःच वजा करते, पण ती कांडीही त्याच पेल्यात बुडालेली असली तर. पुष्कळ ठिकाणी ती टेबलावर लोळत असते आणि यंत्र बिचारे खोलीची हवा मोजत बसते.

यंत्र मांडताना टेबल पक्के, सावलीतले आणि कोरडे निवडावे. सामूच्या कांडीचे जोडटोक यंत्राच्या खाचेत बसवून फिरवावे म्हणजे ते अडकते. ते टोक ओल्या हाताने धरू नये, कारण काचेतून येणारा प्रवाह अतिशय क्षीण असल्यामुळे एवढ्याशा दमटपणानेही आकडा डळमळतो. कांडीच्या टोकावरची टोपी काढावी. कांडी पुन्हा भरता येणारी असेल तर वरच्या बाजूचे रबरी बूचही मोजताना उघडावे आणि आतले द्रावण बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून वर आहे ना, ते पाहावे. फुग्यात हवेचा बुडबुडा असेल तर तापमापी झटकतो तशी कांडी हलकेच झटकावी. शुद्ध केलेल्या पाण्याने ती धुऊन मऊ कागदाने नुसती टिपून घ्यावी. धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसू नये.

आता मुख्य गोष्ट. गुळाचा व्यापारी वजन करण्याआधी रिकाम्या पारड्यांचा धडा करतो. धडा न करता घातलेले वजन कोणी शहाणा शेतकरी मान्य करील काय? मग यंत्राला का सूट द्यावी? त्याचाही धडा करावा लागतो. त्यासाठी ज्यांचा सामू पक्का ठाऊक आहे अशी द्रावणे मिळतात. आपल्याकडे ती बहुधा ४, ७ आणि ९.२ सामूची असतात. त्यांच्या गोळ्याही मिळतात. वेष्टनावर लिहिले असेल तेवढ्याच शुद्ध पाण्यात गोळी विरघळवावी. आधी ७ च्या द्रावणात कांडी बुडवून यंत्र ७ वर आणावे, मग कांडी धुऊन दुसऱ्या द्रावणात घालावी. आपल्या काळ्या जमिनी विम्लतेकडे झुकलेल्या, म्हणून त्यांच्यासाठी दुसरे द्रावण ९.२ चे घ्यावे. कोकणातल्या लाल, आम्ल मातीसाठी ४ चे.

एकाच द्रावणावर भागवून नेण्याची सवय फार बोकाळली आहे. तिने काय होते ते पाहा. कांडी जुनी झाली की तिची धार कमी होते. समजा, ती ८५ टक्केच काम करते. ७ च्या द्रावणात ती बरोबर ७ दाखवील, सगळे ठीक वाटेल. पण जमिनीचा खरा सामू ९ असला तर ती ८.७ सांगेल. दुसऱ्या द्रावणात बुडविल्याशिवाय ही खोट उघडी पडत नाही. चांगल्या यंत्रावर कांडीची धार टक्क्यांत दिसते. ती ९५ च्या वर असावी. ९० च्या खाली गेली तर कांडी साफ करावी किंवा बदलावी.

वापरलेले द्रावण बाटलीत परत ओतू नये. तेवढी काटकसर महागात पडते. एकाचे थेंब दुसऱ्यात मिसळले की मापच खोटे होते, आणि खोट्या मापाने केलेला धडा हा धडा न करण्यापेक्षा वाईट. ९.२ चे द्रावण उघडे राहिले तर हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू उतरते. क्षारांच्या कांडीचाही धडा करायचा असतो. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे १.४१३ डेसिसायमनचे द्रावण मिळते. कांडी त्यात पूर्ण बुडवावी आणि थोडी हलवून पट्ट्यांमधले बुडबुडे घालवावेत.

यंत्र कितीही चांगले असले तरी नमुना वाईट असेल तर सारे फुकट. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ते शीत हलवलेल्या भातातले हवे. विहिरीचे पाणी घेताना वरवरचे घेऊ नये. बोअरचे पाणी घेताना पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा, मग बाटली त्याच पाण्याने खळबळून गळ्यापर्यंत भरावी आणि घट्ट झाकण लावून लवकरात लवकर मोजावी. बाटली अर्धी ठेवली तर पाण्यातला कर्बवायू निघून जातो आणि सामू चढतो. माती बांधाजवळची, खताच्या ढिगाखालची किंवा झाडाच्या सावलीतली घेऊ नये. शेतात आठ-दहा ठिकाणची माती मिसळून, सावलीत वाळवून, चाळून घ्यावी. एक भाग मातीस अडीच भाग शुद्ध पाणी घालून अर्धा तास मधूनमधून ढवळावे आणि सामू पाहावा. क्षार मोजायचे ते माती खाली बसल्यावर वरच्या निवळीत. साध्या पाण्याच्या बाबतीत मात्र क्षार आधी आणि सामू नंतर, किंवा दोन्हींना वेगळे पेले. सामूच्या कांडीतून पोटॅशियम क्लोराइड थोडे थोडे झिरपत असते. ते त्याच पेल्यात मिसळले की गोडे पाणीही खारे दिसू लागते.

आकडा स्थिर होईपर्यंत धीर धरावा. मग तारीख, शेताचा गट क्रमांक, तापमान आणि त्या दिवशीचा धडा, हे सारे वहीत लिहावे. काम झाले की सामूची कांडी पोटॅशियम क्लोराइडच्या दाट द्रावणात ठेवावी. शुद्ध पाण्यात ठेवू नये, त्याने ती लवकर खराब होते. सुकली असेल तर रात्रभर त्याच द्रावणात भिजवावी. पुष्कळदा ती पुन्हा कामाला लागते.

आता हातात आलेल्या आकड्याचा अर्थ काय? ओलिताच्या पाण्याची वाहकता ०.७५ डेसिसायमनच्या आत असेल तर बहुतेक पिकांना ते चालते. ०.७५ ते २.२५ पर्यंत जमिनीचा निचरा आणि पिकाची निवड सांभाळावी लागते. २.२५ च्या वर धोका मोठा. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली केलेली ही वर्गवारी आजही आधारास घेतली जाते. मातीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. पुस्तकात ४ डेसिसायमनच्या वर जमीन क्षारयुक्त असे लिहिलेले असते. ती मर्यादा मातीच्या संपृक्त गाळाच्या अर्काची आहे. आपण अडीचपट पाण्यात मोजतो, तेव्हा क्षार पातळ होऊन आकडा बराच लहान येतो. आपला २ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. आपल्या पद्धतीत १ च्या आत असला तरच सहसा काळजी नाही.

सामूचा आकडा तर अधिकच जपून वाचावा. चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू ८.२-८.३ असणे हे तिचे रूपच आहे. तेथे जिप्समची गरज नसते. ८.५ च्या वर गेला की सोडियमची शंका घ्यावी. आता पाहा, खराब द्रावणाने धडा केलेले यंत्र ८.३ च्या जागी ८.७ दाखविते आणि शेतकरी नसत्या रोगावर ट्रकभर जिप्सम आणून टाकतो. उलट धार गेलेली कांडी ९ च्या जागी ८.७ सांगते, मग रोग थोडकाच आहे असे वाटून तो अपुरे औषध देतो आणि चोपण जमिनीत कर्ज काढून बाग लावतो. दोन्ही घरांत वर्षाची कमाई बुडते, आणि दोष जातो नशिबाला. जिप्सम किती टाकावे हे तर नुसत्या सामूवरून ठरतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सोडियमचे प्रमाण काढून घ्यावे लागते. आणि जमीन नुसती क्षारयुक्त असेल, चोपण नसेल, तर तिला जिप्समपेक्षा चर काढून निचरा आणि गोड्या पाण्याची धुलाई हवी.

मातीत खोचली की नत्र, स्फुरद, पालाश दाखविणाऱ्या स्वस्त कांड्याही बाजारात येतात. त्यांच्या आकड्यावर खताचा हिशेब बांधू नये. ते काम रासायनिक परीक्षणाचे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासण्याची तरतूद आहे. त्यांतल्या सामू आणि वाहकता या दोनच या यंत्राने कळतात. पण या दोनही बरोबर कळल्या तर अर्धी फसगत टळते.

घरातले मूल कॉलेजात रसायनशास्त्र शिकत असेल तर त्याला विहिरीच्या पाण्याची बाटली देऊन, शिक्षकांच्या परवानगीने, ती मोजून आणायला सांगावे. प्रात्यक्षिकाच्या वहीतला प्रयोग घरच्या विहिरीला लागू पडतो, हे त्यालाही कळेल. आकडा घेऊन घरी आले की शाबासकी द्यावी, पण आधी एवढे विचारून घ्यावे: "बाळ, धडा केला होतास ना? कोणत्या दोन द्रावणांनी?"