सोपे लिहिण्याचा नियम

तांत्रिक विषय मराठीत मांडता येत नाहीत, असे सांगणाऱ्या विद्वानांची आपल्याकडे वानवा नाही. या मंडळींनी 'आयईईई कम्युनिकेशन्स मॅगझिन' या इंग्रजी मासिकाचा लेखकांसाठीचा नियम एकदा वाचावा. 'आयईईई' या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेची दूरसंचार शाखा हे मासिक चालवते. लेख साडेचार हजार शब्दांच्या आत असावा, तो त्या विषयाबाहेरच्या अभियंत्यालाही समजावा आणि गणिती समीकरणे शक्यतो टाळावीत, असा तेथे दंडक आहे. ज्यांचे पानही गणितावाचून हलत नाही, त्या अभियंत्यांनाही सोपे लिहा असे सांगावे लागते! मग शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला हे ज्ञान त्यांच्या भाषेत कोणी द्यायचे?

हे काम अशक्य मुळीच नाही. मोबाईलवरच्या साध्या संदेशाचे, म्हणजे एसएमएसचे उदाहरण घ्या. एका संदेशात १,१२० बिट मावतात. ठरलेल्या इंग्रजी वर्णसंचातील एका अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा होतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मराठी संदेश ७० चिन्हांतच संपतो. शिवाय काना, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, यंत्र मात्र पाच मोजते. सत्तरी ओलांडली की एका संदेशाचे दोन होतात आणि हिशेबही दोनचा लागतो. यात न समजण्यासारखे काय आहे?

परंतु हे कोणी सांगितलेच नाही, तर मराठीच लांबलचक आणि महाग, असा समज होतो. मग माणसे आपली भाषा रोमन लिपीत कोंबू लागतात. वास्तविक दोष भाषेचा नाही. इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या मापाचा तो परिणाम आहे. माप कसे आखले हे ज्याला कळते, तोच ते बदलून मागू शकतो. बाकीच्यांनी मुकाट्याने पैसे मोजायचे!

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्या बेळगावातच आहे. सीमाभागातील मराठी घरांतली मुले अभियंते होत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांनी परीक्षा इंग्रजीत खुशाल द्यावी. पण जे शिकले ते गावच्या वाचनालयात, शाळेच्या फळ्यावर मराठीत मांडावे. प्रतिशब्द अडला तर रूढ इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा. त्याने मराठी बाटत नाही. न लिहिल्याने मात्र ती नक्कीच खुरटते.

अशा लेखनासाठी आमचे रकाने खुले आहेत. अट एकच : गावातल्या माणसाला ते समजले पाहिजे.