पॉइंट्स जमवा, पण साठवू नका

खारीत राहून चर्चगेटच्या दिशेनं कॉलेज गाठणाऱ्या मुलामुलींपेक्षा जास्त ‘फ्रिक्वेंट’ प्रवासी कोण असणार? भाईंदरला चढायला मिळालं तर नशीब, बसायला मिळालं तर लॉटरी, आणि हे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस. इतका प्रवास करूनही रेल्वे कुणाला पॉइंट्स देत नाही. देते ते पास. कॉलेजातून सवलतीचा फॉर्म आणायचा, खिडकीवर द्यायचा, कमी पैशात पास हातात. किती वाचले ते त्याच क्षणी कळतं आणि पास कधी संपणार ती तारीखही त्याच्यावरच छापलेली असते.

आता दुसरं चित्र. सेमिस्टर संपलं, सहा जणांचं गोव्याचं ठरलं, ट्रेनचं वेटिंग काही हलेना, म्हणून पहिल्यांदाच विमानाचं तिकीट काढायला एक जण फोन घेऊन बसला. पैसे भरण्याआधी स्क्रीनवर विचारणा येते : आमच्या योजनेचे सदस्य व्हा, पॉइंट्स मिळवा, पुढच्या वेळी फुकट उडा. बाकीचे पाच म्हणतात, ‘अरे कर ना, फुकट आहे.’

करायला हरकत नाही. सदस्यत्वाला सहसा पैसे पडत नाहीत. पण पास आणि पॉइंट्स यांतला फरक तिथेच ओळखायला हवा. पासात सवलत आधी मिळते. पॉइंट्समध्ये पैसे आज पूर्ण द्यायचे आणि सवलत ‘नंतर देईन’ म्हणून सांगितलेली असते. ते ‘नंतर’ कधी, किती आणि कुठल्या विमानात, हे ठरवायचा हक्क कंपनीकडे असतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की पॉइंट्स म्हणजे बचत नव्हे. ते मिळाले तर घ्यावेत, लवकर वापरावेत आणि त्यांच्यासाठी खिशातला एक रुपयाही जास्तीचा काढू नये.

या खेळाला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हान्टेज’ ही योजना काढली आणि पाठोपाठ बाकीच्या कंपन्या त्यात उतरल्या. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, हा तेव्हाचा साधा हेतू. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ होती, तिचं नाव आता ‘महाराजा क्लब’ आहे. २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोनं मात्र उड्डाणांवर पॉइंट्स देणारी ‘ब्लूचिप’ योजना थेट २०२४ मध्ये आणली.

मधल्या काळात या योजनांचा अर्थच बदलला. पूर्वी जितके मैल उडाल तितके ‘माइल्स’ मिळायचे. आता बऱ्याच ठिकाणी जितके रुपये खर्चाल तितके पॉइंट्स मिळतात. म्हणजे महिन्याभर आधी स्वस्तात तिकीट काढणाऱ्या विद्यार्थ्याला थोडे आणि आदल्या दिवशी कंपनीच्या पैशानं महागडं तिकीट काढणाऱ्या साहेबाला भरपूर. शिवाय विमान कंपन्या हे पॉइंट्स बँकांना विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्डावर वाटतात. हा धंदा किती मोठा आहे ते करोनात दिसलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर असताना अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सनं आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. त्या योजनेची जी किंमत तेव्हा सांगितली गेली, ती शेअर बाजारातल्या अख्ख्या कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त होती! आपल्याला ‘भेट’ म्हणून मिळणारी वस्तू कंपनीसाठी एवढी मोलाची असेल, तर ती भेट नाही, व्यवहार आहे. आणि व्यवहार म्हटला की हिशेब आला.

व्यवहार बिघडला की काय होतं, याची उदाहरणं शोधायला अमेरिकेत जायला नको. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशरची विमानं थांबली आणि ‘किंग क्लब’च्या सदस्यांच्या खात्यातले आकडे नुसते आकडे उरले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला यायला निघालं. जेटची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. ‘जेटप्रिव्हिलेज’ ही स्वतंत्र कंपनी होती आणि तिच्यात एतिहादचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त होता. त्यामुळे विमानं बंद पडली तरी पॉइंट्स जिवंत राहिले. त्याच वर्षी योजनेनं ‘इंटरमाइल्स’ असं नवं नाव घेतलं.

आणि त्या विमानांत काम करणारी माणसं? मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीत सुमारे २० हजार जण होते. केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ, लोडर, इंजिनीअर. पहाटेच्या लोकलनं अंधेरी गाठणारी माणसं ती. त्यांचे पगार थकले, मग ग्रॅच्युइटी आणि देण्यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या झाल्या आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जेट अवसायनात काढायचा आदेश दिला. प्रवाशांचे पॉइंट्स वाचले आणि कामगारांचं हक्काचं देणं अडकलं! एव्हिएशनमध्ये करिअर करायची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. कंपनी कुणाला काय देणं लागते आणि ते कुठल्या कागदावर लिहिलंय, हा प्रश्न प्रवाशाइतकाच नोकरी करणाऱ्यालाही लागू आहे.

तिसरं उदाहरण ताजं आहे आणि त्यात कुणी बुडालंही नाही. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. ‘क्लब विस्तारा’चे पॉइंट्स एकास एक या हिशेबानं एअर इंडियाच्या योजनेत आले. आकडा तोच राहिला. पण त्या आकड्यात कुठलं तिकीट बसतं, हे आता नव्या घरचा तक्ता ठरवणार. बँकेतल्या शंभर रुपयांना उद्या ऐंशी म्हणायचा अधिकार बँकेला नाही. पॉइंट्सच्या बाबतीत तो अधिकार नियम आणि अटींमध्येच लिहून ठेवलेला असतो आणि ‘मला मान्य आहे’ या चौकोनात टिक करून आपण तो देऊन टाकलेला असतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, नाव नोंदवा, पण नीट. सरकारी ओळखपत्रावर किंवा पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच खात्यात घाला. एका अक्षराच्या फरकानं पॉइंट्स अडकतात. गोव्याच्या त्या सहा जणांनी एक लक्षात ठेवावं : पैसे कुणी भरले यापेक्षा सीटवर कोण बसलं, त्याला सहसा पॉइंट्स मिळतात. म्हणून प्रत्येकानं आपापला क्रमांक टाकावा. टाकायचा राहिलाच, तर बोर्डिंग पास जपून ठेवा. प्रवासानंतर ठरावीक मुदतीत मागणी करता येते.

दुसरी गोष्ट, विद्यार्थी भाडं आधी बघा. इंडिगो, एअर इंडिया अशा कंपन्यांत विद्यार्थ्यांसाठी वेगळं भाडं असतं आणि नेहमीपेक्षा काही किलो जास्त सामान नेता येतं. सवलतीच्या भाड्यावर कधी पॉइंट्स कमी मिळतात, कधी मिळतही नाहीत. तरी सवलतच घ्या. ती आपल्या रेल्वे पासासारखी आहे, आधी हातात पडते. कॉलेजचं ओळखपत्र तेवढं विमानतळावर सोबत ठेवा.

तिसरी गोष्ट परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्तान्साही त्याच गटात आहे. म्हणजे मास्टर्ससाठी जर्मनीला निघताना लुफ्तान्सानं गेलात, तरी भाड्याच्या वर्गानुसार पॉइंट्स एअर इंडियाच्या खात्यात घेता येऊ शकतात. दर कंपनीचं वेगळं खातं उघडून पाच ठिकाणी चिमूटभर पॉइंट्स ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी मूठभर झालेले बरे.

चौथी गोष्ट खर्च करण्याची. ‘फुकट तिकीट’ पूर्ण फुकट नसतं, कर आणि शुल्क रोख भरावंच लागतं. म्हणून वापरण्याआधी एक साधा भागाकार करा. समजा, तिकीट ५,००० रुपयांना आहे. तेच ८,००० पॉइंट्स आणि ९०० रुपयांत मिळतंय. म्हणजे ८,००० पॉइंट्सनी तुमचे ४,१०० रुपये वाचवले, एका पॉइंटला साधारण ५१ पैसे. त्याच ८,००० पॉइंट्समध्ये १,६०० रुपयांचं शॉपिंग व्हाउचर मिळत असेल, तर एका पॉइंटला २० पैसेच आले. बहुतेक वेळा तिकिटात जास्त मोल मिळतं. पण रोख भाडंच स्वस्त असलेल्या दिवशी पॉइंट्स घालवू नयेत, हेही याच भागाकारातून कळतं. दिवाळी-गणपतीच्या गर्दीत पॉइंट्सवरच्या सीट्स मिळणं कठीण, त्यामुळे तारखा मागेपुढे करायची तयारी ठेवा.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पॉइंट्ससाठी क्रेडिट कार्ड घेऊ नका. पहिली नोकरी किंवा इंटर्नशिप लागली की मॉलमध्ये, विमानतळावर टेबल मांडून बसलेला कुणीतरी ‘सर, मॅडम, दोन मिनिटं’ म्हणत गाठतोच. कार्ड वाईट नसतं, उधारी वाईट असते. बिल पूर्ण न भरता नुसतं ‘किमान देय’ भरत राहिलात, तर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांच्या घरात व्याज जाऊ शकतं. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे ती ढालही आता नाही. ५१ पैशांच्या पॉइंटसाठी असलं व्याज भरणं कुठल्याच गणितात बसत नाही.

आणि शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. ‘तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपणार, लगेच लिंकवर क्लिक करा’ हा मेसेज आईबाबांच्या फोनवर येऊन गेला असण्याची शक्यता मोठी आहे. लिंकमागे बनावट पान किंवा फोनचा ताबा घेणारं ॲप असतं, आणि पॉइंट्सऐवजी खातं रिकामं होतं. खरे पॉइंट्स कंपनीच्या ॲपमध्ये शिरूनच बघायचे, मेसेजमधून नाही. ओटीपी कुणालाही नाही. फसलातच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. आज संध्याकाळी घरी गेल्यावर हा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. पहिल्या विमानप्रवासाच्या पॉइंट्सपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

भाईंदरच्या मिठागरांत काम केलेल्या कुणाही आजोबांना विचारा. उन्हाळाभर राबून पिकवलेल्या मिठाच्या राशी पाऊस यायच्या आत विकायच्या, नाहीतर झाकायच्या, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. पाऊस साधारण कधी येणार, हेही त्यांना माहीत असतं. पॉइंट्सचा पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही आणि ते झाकून ठेवायची सोयही नाही. तेव्हा तिकिटापुरते जमले की काढा तिकीट, आणि या. खिडकीची सीट मिळाली तर उत्तमच. भाईंदरला चढणाऱ्यांना ती कुठे रोज मिळते?