कापसाचं चिलखत

मागच्या खेपेला आपण पुठ्ठ्याचा किल्ला केला. आता त्यावर मावळा नको का? १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला शाळाशाळांतून मावळे निघतात. आमच्या सेलूतही निघतात. पण यंदा आमचा मावळा एका पट्ट्यावरून अडला, त्याची गोष्ट आधी सांगते.

भाड्याने आणलेला पोशाख आला. रेशमी फेटा, चामड्याचा कमरपट्टा, ढालीला चामड्याची मूठ. आमच्या चौथीतली एक मुलगी मावळा होणार होती. तिने पट्टा हातात घेतला, हुंगला आणि विचारलं, "बाई, हे चामडं कायचं हाय?" मी म्हटलं, "असेल म्हशीचं." तिने पट्टा खाली ठेवला. "मी नाही घालत जी."

तिच्या घरचा बैल दिवाळीनंतर मेला होता, हे मला ठाऊक होतं. तरी खरं सांगते, मी आधी चिडलेच. कार्यक्रम तोंडावर आलेला! म्हटलं, एवढ्याशा पट्ट्याने काय होतं? ती काही बोलली नाही. नुसती मान हलवली. मग मीच विचार करत बसले. खरंच, चामड्याशिवाय आणि रेशमाशिवाय मावळा होत नाही का?

होतो की! बखरी सांगतात, प्रतापगडाखाली १६५९ साली अफझलखानाला भेटताना महाराजांनी अंगरख्याखाली लोखंडी चिलखत घातलं होतं. पण साध्या मावळ्याला तेवढं लोखंड कुठून परवडणार? कापडाचे थर एकावर एक ठेवून दाट शिवलेला जाड अंगरखा हेच पुष्कळ शिपायांचं चिलखत. ही युक्ती जुनी आहे आणि जगभरची आहे. १५१९ साली स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले, तेव्हा तिथल्या अ‍ॅझ्टेक योद्ध्यांच्या अंगात कापसाची जाड बंडी होती. पोलादी चिलखतवाल्या स्पॅनिशांपैकी कितीतरी जणांनी तीच बंडी उचलली, कारण ती हलकी होती आणि त्या उकाड्यात सोसवत होती. आणि आपल्याकडे? इ.स.पू. ४८० च्या सुमारास इराणच्या राजाबरोबर ग्रीसवर गेलेले हिंदी सैनिक झाडावरच्या लोकरीचे कपडे घालत, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. झाडावरची लोकर म्हणजे आपला कापूस! तो तर तुमच्या-आमच्या अंगणात पडलेला असतो.

मी वर्गात हे सांगत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाई, माझे बाबा वाईट काम करतात काय?" त्याचे वडील चपला शिवतात. माझ्या पोटात धस्स झालं. मी म्हटलं, नाही रे बाळा. तुझ्या बाबांनी टाका घातला नाही, तर आम्ही सगळे अनवाणी. एखाद्याला चामडं घालावंसं वाटत नाही, म्हणून चामड्याचं काम करणारा माणूस उणा ठरत नाही. मग त्यांना नालवाडीचं सांगितलं. १९३० च्या दशकात आपल्या वर्ध्याजवळच नालवाडीला एक चर्मालय चालत असे. गांधीजींचा आग्रह असा, की कातडं आपोआप मेलेल्या जनावराचंच घ्यायचं, त्यासाठी जनावर मारायचं नाही. आणि ते काम करणाऱ्याला हलकं लेखायचं नाही, हाही आग्रह तितकाच. मुलगा बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी मात्र तो बाबांची आरी घेऊन आला. ढालीच्या पुठ्ठ्याला भोकं पाडायला आमच्या सुया मोडत होत्या ना!

आता बंडी. दोन्ही बाजूंना मांजरपाट, मध्ये जुन्या धोतराचे चार पदर. मांजरपाट आधी धुऊन घ्या, तो आटतो. सगळे थर सारखे पसरून चार कोपऱ्यांना कच्चे टाके घाला. मग गोधडीसारखा धावदोरा, उभ्या ओळी, दोन ओळींत दोन बोटं अंतर. सुरुवात मधून करून कडेला जा, नाहीतर कापड गोळा होतं. आणि हो, आधी शिवा, मग कापा! मी आधी मापाने कापलं आणि मग शिवायला घेतलं. टाके पडत गेले तशी बंडी आकसत गेली. ती आता पहिलीतल्या एका मावळ्याच्या अंगात आहे.

छाती ६४ सेंटिमीटर असेल, तर पाठीचा तुकडा ३८ सेंटिमीटर रुंद घ्या. पुढे दोन भाग, मधून उघडे. बारा बंद लावा, म्हणजे सहा जोड्या. बाराबंदी हे नाव त्यावरूनच पडलं. पळसाला फुलं आली असतील, तर ती पाण्यात उकळून तुरटी घाला आणि फेट्याचं सुती कापड त्यात बुडवा. सुरेख पिवळा रंग येतो. रेशमाच्या फेट्याची आठवणही होणार नाही. रेशमासाठी कोशातल्या किड्यासकट कोसा उकळतात, हे आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हतं.

कमरेला चामड्याऐवजी सुती शेला आवळा. खरं तर तेच जास्त शोभतं. ढालीला ३५ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या तीन चकत्या. प्रत्येकीला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या, कडा तीन सेंटिमीटर एकमेकींवर चढवा म्हणजे फुगवटा येतो. चिकटवायला मैद्याची खळ. सरस नको, तो हाडा-कातड्याचा असतो. खऱ्या ढाली गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या असत, वर चार फुलं असत आणि आतली मूठ त्यांनाच अडकवलेली असे. आपली फुलं बाटलीच्या बुचांची, मूठ खाटेच्या नवारीची.

राहिली कवड्यांची माळ. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं घर! हे ऐकल्यावर ती मुलगी माझ्याकडे अशी काही बघायला लागली, की विचारू नका. शेवटी कोहळ्याच्या पांढऱ्या बिया वाळवून ओवल्या. लांबून कोणाला कळलं नाही. जवळून एका आजोबांना कळलं, पण तेही हसून दोन बिया मागून घेऊन गेले, परसात लावायला.