चुकणारा नायक आणि आमचीं मुलें

गेल्या पावसाळ्यांत पांचवीच्या वर्गांत मीं सहज विचारलें कीं, कार्टुनांतील नायकांपैकीं तुम्हांस आपलासा कोण वाटतो? बहुतेक हात छोटा भीमासाठीं वर झाले. शेवटच्या बाकावर बसणारा, वैनगंगेपलीकडील एका खेड्यांतून शिकण्यासाठीं आलेला व वसतिगृहांत राहणारा एक विद्यार्थी मात्र उभा राहून हळूच म्हणाला, "सर, मले नोबिता आवडते. त्याले बी शून्यच भेटते." सारा वर्ग हंसला, तो हंसला नाहीं. त्याच्या त्या वाक्यानें मला बरेच दिवस विचारांत पाडलें. तोच विचार आज बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

पालकांची तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. नोबिता आळशी आहे, रडवा आहे, गृहपाठ टाळतो, शून्य गुणांची उत्तरपत्रिका आईपासून लपवितो, आणि संकट आलें कीं डोरेमॉनच्या खिशाकडे धांव घेतो. असा नायक पाहून मुलांनीं काय शिकावें? त्यापेक्षां भीम बरा. तो शूर आहे आणि दुर्बळांच्या साह्यास जातो. हा आक्षेप हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. तथापि त्याच्या मुळाशीं अशी एक समजूत आहे कीं, निर्दोष नायक पाहून मूल निर्दोष होतें व सदोष नायक पाहून सदोष होतें. ही समजूत मला बरोबर वाटत नाहीं.

आपल्याच भाषेंतील दाखला घेऊं. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' ठाऊक नसलेलें मराठी घर विरळा. आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं तिच्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. या पुस्तकांतील श्याम निर्दोष आहे काय? तो पोहण्याच्या भीतीनें माळ्यावर लपून बसतो. पुस्तकांच्या लोभानें पैसे चोरतो. तरीही पिढ्यानुपिढ्या मातांनीं हें पुस्तक मुलांच्या हातीं दिलें. कारण श्यामच्या चुकीवर तेथें पांघरूण घातलेलें नाहीं, आणि चुकीनंतर त्याची आई त्यास टाकीतही नाहीं. माळ्यावर लपलेल्या श्यामला ती मारते. मागाहून त्याच्या अंगावरील वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. हें वाचून मूल चोरी शिकत नाहीं; चुकल्यावरही परतण्याची वाट असते, हें शिकतें.

दुसरा दाखला तर आपल्या नदीकांठचा आहे. १९९३ सालीं रविवारच्या सकाळीं दूरदर्शनवर 'जंगल बुक' ही जपानी चित्रमालिका हिंदींत लागे, ती आजच्या पुष्कळ पालकांस आठवत असेल. किपलिंगच्या १८९४ सालच्या मूळ पुस्तकांत मोगलीचें रान शिवनीच्या डोंगरांतलें आहे, आणि त्या रानांतील नदी आहे वैनगंगा. शिवनी जिल्ह्यांत उगम पावणारी तीच वैनगंगा पुढें चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते आणि वर्धेस मिळून प्राणहिता होते. हा आपला शेजारी मोगली मुळींच आज्ञाधारक नाहीं. अस्वलगुरूनें शिकविलेले रानाचे नियम विसरून तो माकडांच्या नादीं लागतो. तीं त्यास पळवून एका ओसाड नगरींत नेतात. आणि त्यास सोडवितांना अस्वल व बघीरा दोघेही जखमी होतात. तेव्हां मोगली आपली चूक कबूल करितो व बघीराचे फटके निमूटपणें खातो. मग बघीरा त्यास पाठीवर घेऊन घरीं नेतो. शिक्षा झाली कीं हिशेब मिटला, मागाहून टोंचणी नाहीं, असा त्या रानाचा कायदा आहे.

आपल्या भागांतील मुलांस हें निराळें सांगावयास नको. मोहफुलें वेंचावयास किंवा तेंदूपानें तोडावयास मोठ्यांबरोबर गेलेल्या मुलास, हांकेच्या टप्प्याबाहेर कां जाऊं नये, हें ठाऊक असतें. ताडोबाच्या आसपास वाघ कांहीं केवळ गोष्टींतला नव्हे. रान उपदेश करीत नाहीं. परंतु चुकीचा परिणाम झांकूनही ठेवीत नाहीं.

आतां नोबिताकडे वळूं. फुजिको एफ. फुजिओ या जपानी चित्रकारानें १९६९ सालीं सुरू केलेल्या या कथेची मूळ कल्पनाच अशी आहे कीं, नोबिताच्या एका वंशजानें त्याचें भवितव्य सुधारावें म्हणून डोरेमॉनला भविष्यकाळांतून पाठविलें. म्हणजे शून्य मिळविणारें मूलही सुधारूं शकतें, या विश्वासावरच ती कथा उभी आहे. हाव धरून वापरलेलें उपकरण पुष्कळदां त्याच्यावरच उलटतें, इतका न्यायही तींत आहे. उणीव आहे ती पुढें. दुसऱ्या दिवशीं पाटी पुन्हां कोरी! कालची फजिती त्यास बहुधा आठवत नाहीं. कबुली व भरपाई या दोन पायऱ्या गळून जातात. लहानग्यांजवळ त्या वेळीं कोणीतरी मोठें माणूस असावें, तें याचसाठीं.

आणि भीम? २००८ सालापासून मुलांच्या गळ्यांतील ताईत झालेला हा वीर क्वचितच चुकतो. चुकण्याचें व फजीत होण्याचें काम बहुतेक कालियाकडे असतें, आणि आपण हंसतों. यांतील धोका सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नित्य निर्दोष नायक पाहणारें मूल स्वतःस भीम समजूं लागतें, आणि कालिया कोण हें ठरविण्यासाठीं शेजारच्या बाकाकडे पाहतें. त्या दिवशीं माझा वर्ग हंसला, तो असाच.

म्हणून पालकांस दोन विनंत्या आहेत. पहिली अशी कीं, कार्टून एकदम बंद करूं नये, दिवसाकाठीं पंधरा मिनिटें मुलाजवळ बसून तें पाहावें, आणि तात्पर्य न सांगतां एवढेंच विचारावें, "आतां यानें काय करायला हवं?" उत्तर मुलालाच देऊं द्यावें. दुसरी विनंती अधिक कठीण आहे. आपलें मूल चूक कबूल करील तेव्हां योग्य तें शासन जरूर करावें. परंतु नंतर पाहुण्यांपुढें, भावंडांपुढें, वा पुढच्या परीक्षेच्या वेळीं ती चूक उकरून काढूं नये. कबुलीनंतरही टोंचणीच मिळते असें दिसलें, तर मूल पुढच्या वेळीं उत्तरपत्रिका अधिक खोल लपवील.

त्या विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुटीआधीं, सर्व गेल्यावर, पेटीच्या तळाशीं दडवून ठेवलेली गणिताची उत्तरपत्रिका माझ्यापुढें ठेवली. वडिलांची सही तिच्यावर नव्हती. तीं सर्व गणितें मीं त्याच्याकडून पुन्हां करून घेतलीं, आणि घरीं जाऊन तीच उत्तरपत्रिका वडिलांस दाखवावयास सांगितलें. सुटीनंतर तो सही घेऊन आला. वडील काय म्हणाले, हें मीं विचारलें नाहीं. तो आतां दुसऱ्या बाकावर बसतो.